पस्तीसने गुणा : बसंतरच्या सेंच्युरियनला रंग, धूळ आणि चिखल

जुन्नरच्या बाजूला एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं. पोकलेन थांबलेलं, ऑपरेटर बांधावर बसून डबा खात होता. मी उकिडवा बसून चेनचे फोटो काढायला लागलो, तसा तो हसला. "काय साहेब, मशीन घ्यायचंय का?" म्हटलं, नाही, रणगाड्याचं छोटं मॉडेल रंगवतोय, चेन कशी गंजते ते बघतोय. त्यानं भाकरीचा घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "चालती चेन कुठं गंजते ओ? चार दिस उभी करा, मग बघा."

तोवर मी पाच मॉडेलं रंगवली होती आणि पाचही रणगाड्यांचे ट्रॅक विटेसारखे लालभडक केले होते. व्हिडिओत बघून केलं होतं, खरी चेन कधी बघितलीच नव्हती. त्या दिवसापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. कुठलाही डाग, ओघळ किंवा पोपडा काढण्याआधी विचारायचं : हा कशानं पडला असता? आणि दुसरं : याला पस्तीसने गुणलं तर केवढा होतो?

पस्तीस, कारण रणगाड्यांची बहुतेक किट्स १/३५ प्रमाणात येतात. साडेपाच फुटी माणूस त्यात जेमतेम पावणेपाच सेंटिमीटरचा. ब्रशचं टोक २ मिलिमीटर घसरलं, तर खऱ्या गाडीवर ७ सेंटिमीटरचा पोपडा उडाला. हा हिशेब डोक्यात असला की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

आधी गाडी ठरवा, मग दिवस ठरवा

नुसता "रणगाडा" रंगवता येत नाही. कुठला, कुठे, कोणत्या महिन्यात, हे ठरलं की मातीचा रंगसुद्धा ठरतो. या लेखासाठी मी धरलाय सेंच्युरियन, म्हणजे ब्रिटिश बनावटीचा रणगाडा, आपल्या लष्कराच्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा, डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातला, बसंतर नाल्याच्या लढाईतला.

आपल्याकडे या गाडीशी नातं जोडायला फार लांब जावं लागत नाही. पूना हॉर्सची सुरुवात १८१७ सालची, पुण्याची. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्मही पुण्याचा, १९५० चा. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगढच्या रणक्षेत्रात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा रणगाडा 'फॅमागुस्टा' नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. तिथलंच रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. जमलं तर जाऊन या. आकार, कोन, झाकणांच्या बिजागऱ्या, वेल्डिंगचे उंचवटे हे सगळं डोळ्यांत भरून घ्या. पण रंग तिथून उचलू नका. मोकळ्यावर ठेवलेल्या गाड्यांना वर्षानुवर्षं थरावर थर रंग लावलेला असतो. तो संग्रहालयाचा रंग आहे, लढाईचा नाही.

आता त्या गाडीचा हिशेब मांडू. पश्चिम सीमेवर लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली आणि बसंतरची झुंज १६ तारखेची. म्हणजे रंगाच्या दृष्टीनं ही गाडी दोन आठवड्यांची मळलेली आहे. त्याआधी ती रेजिमेंटच्या हाताखाली होती, आणि रोज पुसपास होणाऱ्या गाडीवर भंगार गोदामासारखा गंज चढत नाही. धूळ भरपूर, चिखल ताजा, रंगाची झीज फक्त माणसांच्या हातापायांनी झालेली, गंज जवळपास नाही. आपल्याला एवढंच रंगवायचंय. बाकी सगळा मोह.

अजून एक. सेंच्युरियनचं मिटिऑर इंजिन पेट्रोलवर चालायचं. मॉडेलच्या इंजिन डेकवर, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्यावर, डिझेलचे काळे तेलकट ओघळ काढायची जी पद्धत पडलीय, ती इथं लागू नाही. सांडलेलं पेट्रोल उडून जातं. मागे राहतो तो धूळ धुऊन निघाल्याचा फिका डाग.

काय काय लागेल

०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम. नसेल तर बेस कोट, म्हणजे मूळ रंगाचा थर, स्प्रे कॅनचा द्या, बाकी सगळं हातानं होतं. फक्त हातानं रंगवणार असाल तर टॅमियाचे ॲक्रिलिक घेऊ नका. दुसरा हात फिरवला की खालचा थर उचलला जातो. व्हॅलेहोचे पाण्यात पातळ होणारे रंग घ्या आणि चार पातळ थर द्या.

तैलरंग कॅमलचे चालतात, परदेशी ट्यूबची गरज नाही. बर्न्ट अंबर, यलो ऑकर, टायटॅनियम व्हाइट, बर्न्ट सिएना आणि काळा, एवढे पाच पुरेत. त्यांना पातळ करायला हार्डवेअरच्या दुकानातलं एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. दुकानदाराला नुसतं "थिनर द्या" म्हणू नका. तो एनसी थिनर देईल, आणि एनसी थिनर रंगच काय, खालचं प्लास्टिकही विरघळवतो. मी एकदा पूर्ण चाकाची बाजू अशी वितळवलीय. नवी बाटली आणली की आधी किटच्या रिकाम्या फ्रेमवर रंगाचा फटका मारा, वाळू द्या आणि त्यावर थेंब टाकून बघा.

तोंडाला कापडी मास्क पुरत नाही. वाफा अडवणारा कार्बन फिल्टरचा मास्क घ्या. खिडकी उघडी ठेवा, आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या बाल्कनीत फवारणी करत असाल तर गॅस बंद आहे ना, ते बघा. देवघरातली समई पण.

धुणं, तुकडे, प्रायमर

गाडी जोडून झाली की भांड्यांच्या लिक्विड साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं हलकेच धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ आणि आपल्या बोटांचा तेलकटपणा दोन्ही जातात. रात्रभर वाळू द्या.

सगळं चिकटवून मग रंगवू, असं करू नका. खालचा सांगाडा, चाकं, ट्रॅक, टरेट (तोफेचा फिरता बुरूज) आणि बाजूच्या प्लेट्स वेगळ्या ठेवा. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीनं तीन सस्पेन्शनवर बसवलेली. ट्रॅक चढल्यावर तिथं ब्रश जात नाही.

प्रायमर काळा किंवा गडद करडा. टॅमियाचा, मिस्टर सरफेसरचा, कुठलाही बारीक दाण्याचा चालेल. कॅन वापरत असाल तर पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, फवारा बारीक होतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकंच. गॅसजवळ कॅन कधीही नाही. अंतर साधारण वीतभर, हात सतत चालता, आणि फवाऱ्याची सुरुवात व शेवट दोन्ही मॉडेलच्या बाहेर. प्रायमर बसला की जोडाच्या रेषा, राहिलेला गोंद, बोटाचा ठसा सगळं उघडं पडतं. इथं थांबून दुरुस्त करा. पुढचा रंग काहीही झाकत नाही.

हिरवा, पण कोणता

भारतीय गाडीचा हिरवा कुठल्या बाटलीत मिळतो, यावर मॉडेलवाले तासन्‌तास भांडतात. मी भांडत नाही. ऊन, धूळ आणि जुन्या फोटोंचा उडालेला रंग यांतून एक अचूक हिरवा काढता येत नाही. माझं मिश्रण सांगतो : टॅमियाचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन पाच भाग, एक्सएफ-५७ बफ एक भाग. बफ का? लहान वस्तूवर रंग मोठ्या वस्तूपेक्षा गडद दिसतो. खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा मॉडेलवर फासला तर वीतभराची गाडी काळपट गोळा दिसते. शिवाय पुढचे सगळे वॉश, म्हणजे खाचांत सोडायचे पातळ गडद रंग, गडदच करत नेतात. म्हणून बेस कोट तुम्हाला पटतो त्यापेक्षा थोडा फिकाच ठेवा.

थिनरचं प्रमाण रंगाच्या दीडपट. मिश्रण कपाच्या कडेवर लावलं की पातळ दुधासारखं ओघळलं पाहिजे, सायीसारखं चिकटून राहता कामा नये. दाब १५ ते २० पीएसआय. प्रत्येक पत्र्याच्या मधून सुरुवात करा आणि कडांकडे, खाचांकडे काळा प्रायमर किंचित डोकावत राहू द्या. दुसऱ्या फेरीत त्याच मिश्रणात आणखी थोडा बफ घालून फक्त वरच्या आडव्या भागांवर हलकी फवारणी करा : टरेटचं छप्पर, इंजिन डेक, मागच्या पेट्यांची झाकणं. ऊन तिथं पडतं. बाजूच्या उभ्या प्लेट्सवर ही फेरी नको.

चाकांच्या रबराला इंजिनीअरिंग ड्रॉइंगची वर्तुळांची पट्टी वापरा. आधी पूर्ण चाक एक्सएफ-८५ रबर ब्लॅकनं रंगवा, मग मापाचं वर्तुळ त्यावर धरून मधून हिरवा फवारा. बारा चाकं अर्ध्या तासात होतात. ब्रशनं कडा रंगवत बसलात तर रविवार गेला. शुद्ध काळा रबरालाही वापरू नका. काळा म्हणजे काळा असं बाहेर काही नसतं, एसटीच्या टायरकडे एकदा नीट बघा.

चमक, आकडे आणि पाऊस

डिकॅल, म्हणजे आकडे आणि खुणांचे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर, बसवायच्या जागी टॅमियाचा मॅट एक्सएफ नव्हे, एक्स-२२ क्लिअरचा चमकदार थर द्या आणि पूर्ण दिवस वाळू द्या. खरबरीत रंगावर डिकॅल लावला की खाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टा कायमचा राहतो. डिकॅल कोमट पाण्यात पंधराएक सेकंद, मग कागदावर ठेवून तो सुटेपर्यंत थांबा, जागेवर सरकवा, ओलसर ब्रशनं मधून बाहेर पाणी काढा, वर डिकॅल मऊ करणारं द्रव लावा. तो सुरकुततो. घाबरू नका, हात लावू नका, वाळताना आपोआप पत्र्याला चिकटतो. भारतीय खुणा बहुतेक किटमध्ये नसतात. जुना फोटो समोर ठेवून हातानं काढा, आणि पांढऱ्याऐवजी फिका बफ वापरा.

इथं पावसाळ्याचं बोललं पाहिजे. एका ऑगस्टच्या संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस, आणि मी उत्साहात मॅट वार्निश मारलं. सकाळी गाडीवर पिठूळ पांढरी साय. हवेतला ओलावा वार्निशमध्ये अडकला की असं होतं. त्यावर कोरड्या दिवशी चमकदार थर दिला की बहुतेक वेळा ती साय विरते, माझी विरली. पण कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर जोडकाम करा आणि लॅकर व मॅट वार्निश दिवाळीच्या हवेसाठी राखून ठेवा. अगदीच अडलं तर एसीच्या खोलीत गाडी आणि कॅन दोन्ही तासभर आधी ठेवून द्या.

वॉश : भिजवायचं नाही, टेकवायचं

थरांचा क्रम एकच लक्षात ठेवा. खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर तेल-एनॅमल, सगळ्यात वर कोरडी भुकटी. वरच्या थराच्या द्रवानं खालचा थर उचलला जाऊ नये, एवढंच त्यामागचं कारण. ॲक्रिलिकला एमटीओ काही करत नाही, पण थर नीट वाळलेला हवा. म्हणून चोवीस तास.

बर्न्ट अंबरमध्ये चिमूटभर काळा, आणि एमटीओ आठपट. चहाइतपत पातळ. शून्य नंबरचा टोकदार ब्रश त्यात बुडवून कडेला निथळवा आणि फक्त बोल्टच्या मुळाशी, झाकणाच्या फटीत, वेल्डच्या बाजूला टेकवा. द्रव स्वतःच रेषेतून धावत जातं. पूर्ण गाडीला फासू नका. फासलेली गाडी मळकी दिसते, खोल दिसत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी नुसत्या एमटीओत ओलसर केलेला, टिपकागदावर पुसलेला सपाट ब्रश घ्या आणि बाहेर आलेले डाग काढा. उभ्या पत्र्यावर ब्रश नेहमी वरून खाली ओढा, पाऊस जसा ओघळेल तसा.

धोका एकच आहे, पण तो पूर्ण किट घालवू शकतो. उघड्या, ताणलेल्या प्लास्टिकमध्ये एमटीओ मुरलं की ते ठिसूळ होतं आणि कट्‌कन तुटतं. चाकांचे आस, सस्पेन्शनचे हात यांच्यावर ताण असतो आणि रंग क्वचितच पोहोचलेला असतो. तिथं वॉशचं तळं होऊ देऊ नका.

वॉश वाळला की तैलरंगाचे ठिपके. ट्यूबमधला रंग आधी खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंग चमकत नाही. एका पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच ठिपके : पांढरा वरच्या बाजूला, ऑकर मध्ये, अंबर खाली. मग जवळपास कोरडा सपाट ब्रश घेऊन पुसत जा, इतकं की ठिपके होते हे फक्त तुम्हाला माहीत राहावं. आडव्या पत्र्यावर ओढायचं नाही, ब्रशचं टोक आपटत जायचं. एकसारखा हिरवा इथं पहिल्यांदा पत्र्यासारखा दिसायला लागतो. मला सगळ्या कामात हीच संध्याकाळ सर्वात आवडते. दोन-तीन दिवस वाळू द्या. तैलरंग घाई करणाऱ्याला माफ करत नाही.

पोपडे, आणि हात आवरणं

चिपिंगमध्ये, म्हणजे रंग उडालेला दाखवण्यात, जवळजवळ सगळे वाहवत जातात. आता पस्तीसने गुणायची वेळ आली. अर्धा मिलिमीटरचा ठिपका म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. रंग एवढाच उडतो. त्यापेक्षा मोठा पोपडा हवा असेल तर कारण सांगता आलं पाहिजे.

माणसं गाडीवर कुठून चढतात? पुढच्या मडगार्डवरून, मग टरेटच्या बाजूच्या पेटीवर पाय, मग कमांडरच्या झाकणाची कड धरून वर. ही वाट झिजते. फावडं, कुऱ्हाड जिथं रोज काढून ठेवली जाते तो पट्टा झिजतो. ड्रायव्हरच्या झाकणाच्या कडा झिजतात. टरेटच्या बाजूच्या उभ्या चिलखतावर मधोमध रंग का उडेल? नाही उडणार.

किटच्या खोक्यातला स्पंज चिमटीत फाडून घ्या, म्हणजे कड वेडीवाकडी होते. काळ्यात एक्सएफ-९ हल रेड मिसळून जवळपास काळसर तपकिरी करा. स्पंज बुडवा, जुन्या कागदावर पाच-सहा वेळा टिपा, कागदावर काही उमटेनासं झालं की मग गाडीवर. काही पोपडे फक्त वरच्या थराचे असतात. त्यांना तपकिरी नाही, बेसपेक्षा फिका हिरवा. दोन आठवड्यांच्या आपल्या सेंच्युरियनवर फिके जास्त आणि गडद थोडे, असं प्रमाण ठेवा. हेअरस्प्रे मारून, त्यावर रंग देऊन, पाण्यानं खरवडायची पद्धत झकास आहे, पण ती वाळवंटी किंवा हिवाळी रंग घाईत फासलेल्या गाड्यांसाठी. इथं तिचं काम नाही.

गंज एकाच जागी मनसोक्त करा : मागच्या दोन्ही मडगार्डवरचे सायलेन्सर. तिथं उष्णतेनं रंग जळतोच. बर्न्ट सिएना आणि अंबर ओल्या-ओल्यात स्पंजानं टिपा, आणि वाळल्यावर नळीच्या तोंडाशी करड्या भुकटीचं बोट. पेट्रोल इंजिन आहे, काजळी बेतानं.

ट्रॅक : पोकलेनवाल्याचं म्हणणं

ट्रॅकला बेस कोट म्हणून एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक आणि थोडा एक्सएफ-६४ रेड ब्राऊन. लालसर नको, भाजलेल्या कॉफीसारखा काळपट हवा. किटमधला ट्रॅक रबरासारखा एकसंध पट्टा असेल तर रंगवून मग ताणल्यावर वळणावर भेगा पडणार, हे धरूनच चाला. बसवल्यावर त्याच रंगानं ब्रशचे दोन हात द्या.

मग माती. तिचं पुढं सांगतो. पण माती बसल्यावर शेवटी जे करायचं ते इथंच लिहून टाकतो, कारण लोक ते विसरतात. ६बी पेन्सिलचं शिसं सॅंडपेपरवर घासून भुकटी करा, बोटाच्या पेरावर घ्या आणि जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांवरून फिरवा. फक्त उंचवट्यांवरून. लगेच झिजलेलं पोलाद दिसतं. आतल्या बाजूला चाकांच्या रबरी धावा ट्रॅक घासतात, त्यामुळे तिथं चकाकी नाही, गुळगुळीत करडी पट्टी असते. चाकांच्या मधून जाणारे उभे दात मात्र लोखंडाला घासतात, ते चमकतात. सेंच्युरियनचं दातेरी चाक मागे असतं, त्याच्या दात्यांनाही पेन्सिल लावा. पुढच्या चाकाला दाते नाहीत, तिथं घासाची रेघ तेवढी.

शंका आली तर जवळचं पोकलेन बघा. खाणीतलं, रस्त्याच्या कामावरचं, कुठलंही. चेनच्या सांध्यात माती कशी दाबून बसलीय, वरची कड कशी पांढरीफटक घासलीय, हे एकदा समोर बघितलं की व्हिडिओ लागत नाहीत.

धूळ आणि चिखल

आपल्या घरची माती वापरायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. नगरची काळी किंवा कोकणची तांबडी माती शकरगढच्या गाडीवर लागली की गाडीचं गावच बदलतं. बसंतरचा टापू पंजाबच्या गाळाच्या मैदानातला. माती पिवळसर करडी-तपकिरी, ओली झाली की गडद मातकट. म्हणून गेरू नको. खडूचे पेस्टल, बफ, ऑकर, करडा आणि तपकिरी, ब्लेडनं खरवडून आपली भुकटी आपणच करा. मुलतानी माती चाळून घेतली तर कोरड्या धुळीचा पाया म्हणून सुंदर बसते. रांगोळी मात्र नको. तिचा दाणा पाव मिलिमीटरच्या आसपास धरला तरी पस्तीसपट म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर. ती धूळ नव्हे, खडी झाली.

भुकटीच्या आधी गाडीला मॅट वार्निश द्या. नंतर दिलंत तर भुकटी ओली होऊन गायब होते, मग माणूस आणखी थापतो, आणि गाडी पिठात घोळल्यासारखी होते.

पहिला हात एअरब्रशचा. एक्सएफ-५७ आणि एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थ निम्मं निम्मं, थिनर नऊपट. खालून वर, फक्त सांगाड्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर, चाकांवर आणि पुढच्या मडगार्डवर. पहिल्या फेरीत काही दिसणार नाही. थांबा, वाळू द्या, मग बघा. त्यानंतर सुकी भुकटी मऊ ब्रशनं कोपऱ्यांत टाका आणि ड्रॉपरनं एमटीओचा एक थेंब बाजूला सोडा. द्रव भुकटीला आपल्यात ओढून घेतं आणि वाळलं की ती जागेवर राहते. चढण्याची जी वाट मघाशी झिजवली, तिच्यावरची धूळ ओलसर कापसानं पुसून टाका. बुटांनी पुसली गेलेली धूळ दिसली की गाडीत माणसं असल्यासारखी वाटतात.

आता चिखल. डिसेंबरात नाल्याचं पात्र आणि काठची दलदल ओलांडून आलेली, पन्नास टनांहून जड गाडी आहे, तेव्हा कंजूषी नको. पण सगळा एका रंगाचा आणि एका दिवसाचा नको. तीन वाट्या करा. प्रत्येकीत चाळलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस, भुकटी, थोडं फेव्हिकॉल, पाणी आणि चहाच्या गाळणीतून चाळलेला लाकडाचा भुसा. पहिली वाटी फिकी, घट्ट. तो जुना वाळलेला चिखल, सस्पेन्शनच्या मागे आणि मडगार्डच्या खालच्या बाजूला ब्रशनं थापून बसवा. दुसरी मध्यम, जरा सैल. ती चाकांवर आणि बाजूच्या प्लेट्सच्या खालच्या कडेवर, पण पहिली पूर्ण झाकायची नाही. तिसरी गडद, पातळ, कालची-आजची. तिचे शिंतोडे.

शिंतोड्यांसाठी जुना ब्रश बुडवून दात-कोरणीवर उडवा, आणि आधी टरेट कागदानं झाका. दिशा विचारात घ्या. ट्रॅक माती वर घेऊन जातो आणि पुढे-मागे फेकतो, त्यामुळे मागचं मडगार्ड आणि पुढचा खालचा पत्रा जास्त भरतो. चाकावर पडलेला चिखल फिरण्यानं कडेकडे जातो, म्हणून चाकाच्या मध्याची टोपी तुलनेनं स्वच्छ ठेवा. एखादा शिंतोडा ३ मिलिमीटरचा पडला तर दहा सेंटिमीटरचं ढेकूळ झालं. तो ओला असतानाच उचला.

ओलावा अगदी शेवटी. फेव्हिकॉल वाळल्यावर थोडी चमक राहते, ती पुरेशी वाटली नाही तर तिसऱ्या रंगाच्या जागांवर एक्स-२२ चे ठिपके द्या. सगळीकडे नाही. चिखलाच्या बाहेरच्या कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो.

उरलेलं बारीकसारीक

पेरिस्कोपच्या काचा काळ्या करून वर चमकदार थर. फावड्याचा दांडा बफ, त्यावर बर्न्ट सिएनाचा पातळ हात, वाळल्यावर लाकूड दिसतं. ओढायच्या तारेला नाटो ब्लॅक आणि वर पेन्सिल. २० पाउंडर तोफेच्या नळीला शक्यतो काही करू नका, तिच्यावर कोणी चढत नाही. मशीनगनला शिसाची भुकटी.

मग गाडी खिडकीशी नेऊन मोबाइलवर तिरक्या उजेडात फोटो काढा आणि स्क्रीनवर बघा. डोळा जे माफ करतो ते कॅमेरा करत नाही. केस, बोटाचा ठसा, डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी पडलेला चिखल लगेच दिसतो. एक फोटो जुन्या काळ्या-पांढऱ्या रंगात करून बघा. त्यात गाडी सपाट दिसली तर तैलरंगाचा हात कमी पडलाय, परत मागे जा.

तयार गाडी काचेच्या बंद पेटीत ठेवा, कारण घरची धूळ आपण लावलेल्या धुळीपेक्षा कितीतरी जाड असते आणि पुसताना दोन्ही निघतात. त्या पेटीत किंवा कपाटात झुरळांसाठी डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेनं किटचं पॉलिस्टायरिन मऊ पडतं आणि रंग ओला झाल्यासारखा चिकट होतो. मी एकदा कपड्यांच्या कपाटातला वरचा कप्पा रिकामा दिसला म्हणून तिथं गाडी ठेवली होती. चार महिन्यांनी उचलली तर बाजूची प्लेट बोटाला चिकटून आली.